पियानो, जॅझ आणि अभिजात संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात फोंड्याला राहतो, पियानो शिकवतो, रचना करतो आणि पर्यटकांचा मोसम सुरू झाला की किनाऱ्याकडच्या हॉटेलांत वाजवतो. पालक, विद्यार्थी, भजनी मंडळातले जुने स्नेही, सगळे एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: हे जॅझही आहे आणि क्लासिकलही, म्हणजे नेमकं काय, आणि यावर आयुष्य निघतं का? उत्तरं एकदाची लिहून काढली. काही लांबली आहेत, कारण त्या विषयांवर मला थोडक्यात बोलता येत नाही.

या संगीताला काही नाव आहे का?

अमेरिकी संगीतकार गुंथर शुलर यांनी १९५७ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठातल्या व्याख्यानात ‘थर्ड स्ट्रीम’ हा शब्द वापरला. एक प्रवाह युरोपीय अभिजात संगीताचा, दुसरा जॅझचा आणि दोन्ही मिळून तिसरा. पुढे या शब्दाचा इतका सैल वापर होऊ लागला की शुलरना थर्ड स्ट्रीम म्हणजे काय नव्हे, याचीच यादी द्यावी लागली. जॅझच्या मागे व्हायोलिनं लावली म्हणजे थर्ड स्ट्रीम नव्हे. जॅझच्या कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांची जुडी) मधेच फ्रेंच संगीतकार राव्हेलचा तुकडा घुसवला म्हणजेही नव्हे.

मला ती यादी नावापेक्षा जास्त उपयोगी वाटते. लग्नाच्या स्वागतसमारंभात बेटोफनची ओळखीची धून घेऊन खाली ड्रम वाजवला की लोक म्हणतात, वा, फ्यूजन! त्यात दोन संगीतांची नुसती ओळखपरेड होते. खरा मेळ बसला की कुठला सूर कुणाचा हे वेगळं काढता येत नाही. शहाळ्याच्या पाण्यातून गोडी वेगळी काढता येते का?

हे सुरू कुणी केलं?

एका माणसाचं नाव घेणं अवघड आहे. अमेरिकी पियानोवादक स्कॉट जॉप्लिन यांचा ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ मध्ये छापून आला. तो पूर्ण लिहिलेला होता आणि जसा लिहिला तसाच वाजवावा, अशी जॉप्लिन यांची अपेक्षा असे. फ्रेंच संगीतकार दारियुस मियो यांनी हार्लेममध्ये जॅझ ऐकून १९२३ मध्ये ‘ला क्रेआस्यों द्यु मोंद’ हे बॅले लिहिलं. पण पियानोवादकाच्या कारकिर्दीबद्दल बोलायचं तर जॉर्ज गर्श्विनपासून सुरुवात करावी.

गर्श्विन पंधराव्या वर्षी शाळा सोडून न्यूयॉर्कमधल्या एका प्रकाशकाकडे नोकरीला लागले. दिवसभर गिऱ्हाइकांना नवी गाणी वाजवून दाखवायची, म्हणजे छापील प्रती खपतील, हे काम. १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमन यांच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी ‘ऱ्हाप्सडी इन ब्लू’ पहिल्यांदा वाजवली, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. रचना काही आठवड्यांत उभी राहिली होती. वाद्यवृंदासाठीची मांडणी फर्डे ग्रोफे यांनी केली. पियानोचे काही भाग तर कागदावर नव्हतेच. वाद्यवृंदाच्या प्रतीत त्या जागी एवढंच लिहिलेलं होतं की पियानोवादक मान हलवील तोवर थांबा.

ती मान हलवायची सूचना मला फार आवडते. आमच्याकडे गवई समेवर येताना तबलजीकडे बघतो, तशीच ती आहे. पुढच्याच वर्षी ‘कन्सर्टो इन एफ’ लिहिताना गर्श्विननी वाद्यवृंदाची मांडणी स्वतः केली. नाव झालेलं असताना एक माणूस बसून नव्याने शिकतो, हे मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. १९३७ मध्ये वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी ते गेले.

मग सगळं लिहून ठेवायचं, की आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं?

हा प्रश्न नीट सुटला तर पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

एका टोकाला निकोलाय कापुस्टिन. जन्म १९३७, युक्रेनमधलं होर्लिव्का. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत अलेक्सांद्र गोल्डनवायझर यांच्याकडे पियानो शिकले, १९६१ मध्ये बाहेर पडले आणि ओलेग लुंडस्ट्रेम यांच्या जॅझ वाद्यवृंदात अकरा वर्षं वाजवलं. त्यांच्या नावावर २० सोनाटा (एकट्या पियानोच्या मोठ्या रचना) आणि ६ पियानो कन्सर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचना) आहेत. त्यांच्या ‘आठ कन्सर्ट एट्यूड’ (एट्यूड म्हणजे हाताचं कसब घडवणारी रचना) ऐकल्या की वाटतं, हा माणूस पहाटे दोनला एखाद्या क्लबमध्ये बसून मनात येईल तसं उधळतो आहे. प्रत्यक्षात एकेक सूर लिहिलेला आहे, कुठला हळू, कुठला ठासून, तेही लिहिलेलं आहे. ते स्वतःला जॅझवादक मानत नसत. आयत्या वेळी सुचलेलं नंतर सुधारून लिहिलं की ते जास्त चांगलं होतं, अशी त्यांची धारणा होती.

दुसऱ्या टोकाला अमेरिकी पियानोवादक कीथ जॅरेट. २४ जानेवारी १९७५ ची रात्र, जर्मनीतलं कोलोन शहर. रंगमंचावर चुकीचा पियानो आणून ठेवलेला. वरचे सूर पातळ, खालचे भरीव नाहीत, पेडल धड चालत नाही. जॅरेट थकलेले, पाठ दुखत असलेली, वाजवणार नाही म्हणाले होते. शेवटी बसले. समोर कागद नाही, ठरवलेली धून नाही. खराब टोकं टाळून ते पियानोच्या मधल्या भागात राहिले, डाव्या हातात तोच तोच घाट धरून ठेवला, आणि त्यातून निघालेली तबकडी जगभर खपली. पुढे लोकांनी इतका आग्रह धरला की ती मैफल ऐकून ऐकून उतरवली गेली आणि १९९१ मध्ये छापली. जॅरेटनी परवानगी देताना अट घातली: शेवटचा शब्द ध्वनिमुद्रणाचा, कागदाचा नाही. आणि हाच माणूस जर्मन संगीतकार बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर’चं ध्वनिमुद्रण करताना लिहिलेल्या सुराला सुराने वाजवतो.

आता आपल्याकडे बघा. नाट्यपद रंगतं कसं? बंदिश ठरलेली, शब्द ठरलेले, ताल ठरलेला. मुखडा एकदा मांडला की गायक सुटतो, आलाप, बोलतान, लयीशी खेळ, आणि परत मुखड्यावर. जॅझचा ढाचा हाच आहे. आधी मूळ धून, मग त्या धूनच्या कॉर्डवर प्रत्येकाने आपापली आवर्तनं घ्यायची, शेवटी पुन्हा मूळ धून. मास्टर दीनानाथांच्या मंगेशीला, पं. जितेंद्र अभिषेकींच्या मंगेशीला हे समजावून सांगायची गरज नाही. म्हणून मराठी घरातलं मूल जॅझकडे येतं तेव्हा ते परक्या मुलखात येत नाही. त्याला परकी असते ती हार्मनी, म्हणजे एका वेळी अनेक सूर.

माझं स्वतःचं मत असं की विद्यार्थ्याने दोन्ही करावं, आणि उलटसुलट करावं. सुचेल ते वाजवावं आणि दुसऱ्या दिवशी ते कागदावर उतरवावं. लिहिलेलं वाजवावं आणि चार बार (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचं एक घर) पुसून तिथे स्वतःचं भरावं. फक्त लिहिणाऱ्याचा हात ताठर होतो आणि फक्त सुचेल ते वाजवणारा वर्षानुवर्षं त्याच सहा जागा वाजवत राहतो. दुसरा दोष माझ्यात होता. ध्वनिमुद्रण करून ऐकलं तेव्हा कळलं.

स्विंग म्हणजे नक्की काय? माझं वाजवणं बरोबर असूनही जॅझसारखं वाटत नाही.

एका ठोक्यात दोन सूर घ्या. अभिजात संगीतात ते सहसा अर्धे-अर्धे वाटले जातात. स्विंगमध्ये पहिला लांबतो आणि दुसरा उशिरा येतो. ढोबळमानाने दोनास एक, म्हणजे ठोक्याचे तीन भाग केले तर पहिले दोन पहिल्या सुराला. तिश्र जातीची सवय असलेल्या तबलजीला हे लगेच कळतं. पण प्रमाण पक्कं नसतं. लय चढली की दोन्ही सूर जवळजवळ सरळ होतात, लय उतरली की फरक वाढतो.

त्याहून महत्त्वाचा आहे वजनाचा भाग. आपण टाळी पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर देतो, जॅझ ऐकणारा दुसऱ्या आणि चौथ्यावर चुटकी वाजवतो. मी विद्यार्थ्याला पियानोवरून उठवतो, खोलीत चालायला लावतो आणि दुसऱ्या-चौथ्या पावलाला टाळी द्यायला सांगतो. एक आठवडा फक्त हेच. पेडलही कमी करा. शोपॅनला लागतो तेवढा उजवा पेडल बिबॉपला, म्हणजे जलद लयीच्या जॅझला, लावला की सगळं पाण्यात बुडतं.

दोन हातांत दोन वेगळ्या लयी धरणं अशक्य आहे असं कुणी म्हटलं की मी खाप्रुमामा पर्वतकरांचं नाव घेतो. लयभास्कर म्हणून त्यांची ख्याती होती, आणि हातापायांनी निरनिराळे ताल ते एकाच वेळी धरत, असं गोव्यातली जुनी जाणती माणसं सांगत आली आहेत. एका हातात तीन, दुसऱ्या हातात दोन ही पहिली पायरी आहे. तिथपासून सुरुवात करा.

घरी पेटी आहे, मुलगा ती छान वाजवतो. त्याचा उपयोग होईल?

खूप होईल. मीही पेटीवरूनच आलो. आजोबा देवळातल्या सप्ताहात पेटी धरायचे, मी मांडीशी बसून भाता मारायचो. पट्ट्यांची मांडणी तीच असल्यामुळे उजव्या हाताला घर ओळखीचं असतं, आणि कानाला सुरांचं नातं ठाऊक असतं.

अडचणी दोन. पेटीत डावा हात भाता मारतो, म्हणजे तो हात संगीतात नवखा असतो. पियानोवर त्यालाच मंद्र सूर, कॉर्ड, ताल सगळं सांभाळायचं असतं. पहिली दोन वर्षं मी डाव्या हातावर जास्त काम घेतो. दुसरी अडचण बोटाच्या वजनाची. पेटीची पट्टी हलकी दाबा की जोराने, त्या दाबाने सूर मोठा होत नाही. पियानोत हातोडी तारेवर आपटते, आणि ती किती वेगाने आपटते यावर आवाज ठरतो. पेटीवाल्या मुलांचा पियानो सुरुवातीला सपाट वाटतो तो यामुळे. एकच सूर दहा पातळ्यांवर, अगदी कुजबुजीपासून, वाजवायला लावला की सहा महिन्यांत फरक दिसतो.

जॅझमधली ‘ब्लू नोट’ पियानोवर कशी निघते?

निघत नाही, भासवावी लागते. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गाणी, गाणाऱ्याचा गंधार कोमल आणि शुद्ध या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत झुलतो. पियानोच्या पट्ट्या जागच्या हलत नाहीत. मग वादक कोमल गंधारावरून निसटून शुद्ध गंधारावर येतो, किंवा दोन्ही एकदम चिरडतो. पेटीवर कणस्वर घेऊन मींडेचा आभास करतात, तीच युक्ती.

ब्लूजचं आवर्तन बारा बारांचं, प्रत्येक बारात चार ठोके. चार बार षड्जाच्या कॉर्डवर, दोन मध्यमाच्या, दोन परत षड्जाच्या, एक पंचमाच्या, एक मध्यमाच्या, शेवटचे दोन षड्जाच्या. एवढं पाठ केलं की जगातल्या कुठल्याही अनोळखी जॅझवादकाबरोबर तुम्ही पाच मिनिटांत वाजवू शकता.

गोव्यात हे संगीत बाहेरून आलेलं आहे ना?

जॅझ अमेरिकेतून आलं, हे खरं. पण ते वाजवू शकणारे हात इथे आधीपासून तयार होते. पोर्तुगीज काळात इगर्जीच्या (चर्चच्या) शाळांमधून मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फेज (लिहिलेले सूर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत. कागदावरचे सूर बघून लगेच वाजवता येणं हे गोवेकर वादकाचं भांडवल होतं, आणि त्या भांडवलावर ते मुंबई, कलकत्त्याच्या हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत, पुढे चित्रपटांच्या स्टुडिओत शिरले.

हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईत ट्रम्पेट वाजवत आणि त्यांना अमेरिकी ट्रम्पेटवादकावरून भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत जो जॅझचा बाज आहे, त्यात चिक चॉकलेट यांचा मोठा हात. सेबॅस्टियन डिसोझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यवृंदाच्या मांडण्या केल्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवादक, प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर राग आणि जॅझ एकत्र आणले.

या लोकांची नावं पडद्यावर क्वचितच आली. धून ज्याची त्याचं नाव मोठं, आणि मागची सगळी हार्मनी रचणारा ‘अरेंजर’ म्हणून एका ओळीत, किंवा तीही नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून माझ्या वर्गात गर्श्विनबरोबर ही नावंही पाठ करावी लागतात.

आम्ही हिंदू, मराठी बोलणारं घर. या वर्तुळात आमच्या मुलीला उपरं वाटेल का?

थोडं वाटेल, पहिल्या वर्षी. मलाही वाटलं होतं. मडगावला ज्या टीचरकडे शिकायला जायचो तिथे बाकीच्या मुलांना लदिन (क्रुसापुढची गायलेली प्रार्थना), मोतेत (ख्रिस्ती भक्तिगीत), कॉयर (चर्चचा गायकवृंद) यांतून हार्मनी लहानपणीच कानावर पडलेली. मला दुसरा आवाज म्हणजे काय हेच कळत नव्हतं. सगळे एका सुरात गातात तसंच मी गायचो. टीचरने मला फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, आधी दोन महिने कॉयरच्या तालमीला मागच्या बाकावर बसवलं आणि फक्त खालचा आवाज ऐकायला सांगितला. कुणी धर्म विचारला नाही, प्रसाद म्हणून दोदोल मात्र भरपूर खायला घातला. आणि बदल्यात मी ज्या गोष्टी घेऊन गेलो होतो, ताना, सम, रूपकाचे सात, त्या त्या मुलांना नव्या होत्या.

मुलीला कॉयर ऐकायला पाठवा आणि भजनालाही बसवा. दोन्ही गोष्टी पाच किलोमीटरच्या आत मिळणाऱ्या जागा जगात फार नाहीत.

परीक्षा द्याव्यात का?

द्याव्यात, पण परीक्षेलाच संगीत समजू नये. लंडनच्या ट्रिनिटी आणि रॉयल स्कूल्स या मंडळांच्या आठ ग्रेड असतात आणि पुढे डिप्लोमा. गोव्यात त्या देणारी मुलं खूप. कांपालला कला अकादमीतही पाश्चात्त्य संगीत शिकवलं जातं. परीक्षेने वाचन, स्केल आणि शिस्त येते. पण वर्षाला तीन तुकडे घोटून दुसरं काहीही न वाजवणारी मुलं मी पाहिली आहेत. आठवी ग्रेड झालेल्या मुलाला वाढदिवसाचं गाणं दुसऱ्या पट्टीत, म्हणजे वेगळा षड्ज धरून, वाजवता आलं नाही तर दोष मुलाचा नाही.

उलट उदाहरण अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांचं. कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात शेवटच्या वर्षी उघड झालं की त्यांना कागदावरचे सूर वाचता येत नाहीत. पुढे कधी शिकवणार नाही असं वचन घेऊन त्यांना पदवी दिली गेली. मग महायुद्धानंतर ते मिल्स कॉलेजात वर उल्लेख केलेल्या दारियुस मियो यांच्याकडेच शिकले, आणि मियोंनी त्यांना जॅझ सोडू नका असं सांगितलं. १९५८ च्या दौऱ्यात ब्रुबेक भारतातही वाजवून गेले. १९५९ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘टाइम आउट’मध्ये पाचाच्या आणि नवाच्या मापातल्या रचना आहेत. नवाची ती रचना दोन-दोन-दोन-तीन अशी मोजतात. रूपकात वाढलेल्या कानाला ती दोन मिनिटांत पटते.

गोव्याच्या पावसाळ्यात पियानो टिकतो का?

टिकतो, पण त्याची माणसासारखी काळजी घ्यावी लागते. पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. हा सगळा ताण लोखंडी चौकटीवर असतो, पण आवाज देतो तो लाकडाचा पातळ पडदा. जूनमध्ये हवेतला ओलावा वाढला की तो पडदा फुगतो, तारा ताणल्या जातात, सूर चढतो. पाऊस गेला की सगळं उलट. पट्ट्यांच्या भोकातली लोकर फुगते आणि पट्टी दाबली की वर येत नाही. समुद्राजवळ असाल तर खारी हवा तारांना गंज चढवते. आणि वाळवी! जुन्या घरांतले दोन सुंदर पियानो आतून पूर्ण पोखरलेले मी स्वतः पाहिले आहेत, वरून पॉलिश जसंच्या तसं.

काय करायचं: बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, वीतभर जागा सोडा. खिडकीसमोर नको, एसीच्या झोताखाली तर नकोच. दिवसा एसी आणि रात्री बंद, ही उघडझाप ओलाव्यापेक्षा वाईट. जुने लोक उभ्या पियानोच्या तळाशी कमी वॅटचा बल्ब लावून ठेवत. ती कल्पना बरोबर आहे, फक्त एलईडी बल्ब पुरेशी ऊब देत नाही आणि जुना बल्ब लाकडाला किंवा लोकरीला टेकता कामा नये. आता त्यासाठी खास तापणारी नळी मिळते, ती तंत्रज्ञाकडून बसवून घ्या. सूर वर्षातून दोनदा लावा, त्यातला एकदा पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर. भर जुलैत लावलेला सूर नोव्हेंबरात राहत नाही.

परवडत नसेल तर ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. हलक्या पट्ट्यांचा पाच सप्तकांचा कीबोर्ड मात्र दोन वर्षांनी हात बिघडवतो.

यावर पोट भरतं का?

एका कामावर नाही. चार कामांवर भरतं. माझं असं चालतं: वर्षभर शिकवण्या, ऑक्टोबर ते मार्च हॉटेलं आणि लग्नं, मधूनमधून मराठी नाटकांचं पार्श्वसंगीत, आणि पावसाळ्यात स्वतःच्या रचना. तियात्रांना (कोंकणी संगीत नाटकांना) अजूनही जिवंत बँड लागतो, तिथे चांगलं वाचणाऱ्या कीबोर्डवादकाला काम मिळतं. नाटकाचं संगीत मी सगळ्यांना सुचवतो. दिग्दर्शक म्हणतो, ‘इथे अठरा सेकंद हवीत, म्हातारा उठून दारापर्यंत जातो तेवढी.’ इतकी नेमकी शिकवण कुठल्या वर्गात मिळत नाही.

हॉटेलात काय होतं तेही सांगतो. तुम्ही महिनाभर घासलेली रचना वाजवता आणि कुणी तरी येऊन चित्रपटातलं गाणं मागतं. मी ते वाजवतो, आनंदाने वाजवतो, पण त्याच्या कॉर्ड बदलतो, मधे आठ बार फ्युगसारखे दोन आवाज एकमेकांमागे धावायला लावतो. ऐकणाऱ्याला आपलं गाणं मिळतं, मला माझा रियाज. गर्श्विन प्रकाशकाच्या दुकानात हेच करत होते.

पैशांबाबत एकच सांगणं. एका ठिकाणी मी मोसमभर तोंडी ठरवून वाजवलं आणि शेवटच्या दीड महिन्याचे पैसे कधीच आले नाहीत. तेव्हापासून एक पानाचा करार, तारीख, तास, रक्कम, आगाऊ किती, सगळं लिहून, सही घेऊन. ओळखीच्या माणसाकडूनही.

माझ्या रचनेवर माझा हक्क कसा राहतो? दुसऱ्याची रचना जॅझमध्ये बदलून वाजवली तर?

भारतात रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. बाख, मोझार्ट, शोपॅन यांचं काहीही घ्या आणि हवं तसं बदला. कापुस्टिन २०२० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचनांची मांडणी बदलून प्रसिद्ध करायची तर परवानगी लागणारच. तुमच्या रचनेवर तारीख घाला आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवा. कंपनीशी करार करताना रॉयल्टीचं कलम वाचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून देऊन टाकता येत नाही. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासद झालात तर वसुली त्यांच्यामार्फत होते.

या क्षेत्रात बायका आहेत का? मुलीला कुणाचं उदाहरण द्यावं?

मेरी लू विल्यम्स. पियानोवादक, संगीतकार, मांडणीकार. बारा राशींवरची त्यांची ‘झोडियाक स्वीट’ (स्वीट म्हणजे छोट्या रचनांची माळ) १९४५ ची आहे, आणि ती त्यांनी वाद्यवृंदासह न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये सादर केली. हेझल स्कॉट अभिजात तुकडे घेऊन त्यांना स्विंग देत. आणि नीना सिमोन. त्यांना अभिजात पियानोवादक व्हायचं होतं, कर्टिस या अमेरिकी संगीतसंस्थेने प्रवेश नाकारला, आणि त्या क्लबमध्ये गाऊ लागल्या. त्यांच्या सुरुवातीच्या एका ध्वनिमुद्रणात प्रेमगीताच्या मध्ये त्या थेट बाखच्या शैलीत दोन आवाज विणतात. नाकारलेली विद्या हातांतून गेलेली नव्हती. हा तुकडा मी प्रत्येक मुलीला ऐकवतो, आणि मुलांनाही.

रोज किती रियाज?

शाळकरी मुलाला ४० मिनिटं, पण रोज. मोठ्याला दोन तास पुरतात, जर त्यातला एक तास तोच तोच आवडता तुकडा नसेल तर. मी असा वाटतो: थोडे स्केल, बाखचा एक तुकडा अतिशय हळू, एक जॅझची धून बाराही पट्ट्यांत (रोज एकच पट्टी), आणि शेवटी पंधरा मिनिटं कागद बंद. बाख का? कारण दोन्ही हात सारख्या अधिकाराने बोलतात अशी त्याच्याइतकी तालीम दुसरी नाही. फ्रेंच पियानोवादक झाक लूसिए यांनी १९५९ पासून बाख जॅझ त्रयीत वाजवला आणि तो इतका सहज बसला याचं कारण बाखच्या मंद्र ओळीच मुळात चालत्या असतात.

वय उलटून गेलं आहे. चाळिशीत सुरू केलं तर?

करा. मैफली गाजवणारा वादक होणं कठीण आहे, रचनाकार होणं नाही.

पहिली रचना कशी सुरू करू?

लहान जागेत. सोळा बार, त्याहून जास्त नको. मी रूपकाचे सात घेतले होते, तीन-दोन-दोन. डाव्या हातात तेवढंच, सतत, खालच्या षड्ज-पंचमावर. उजव्या हातात आजोबा म्हणायचे त्या एका पदाचा आरंभ, फक्त पहिले पाच सूर. मग त्या प्रत्येक सुराखाली वेगळी कॉर्ड देऊन बघितली. तोच गंधार षड्जाच्या कॉर्डवर घरात बसल्यासारखा वाटतो, कोमल धैवताच्या कॉर्डवर अचानक दूर जातो. तीन आठवडे मी याच पाच सुरांवर होतो.

रागाला कॉर्ड द्यायच्या की नाही, यावर वाद आहे आणि तो खरा आहे. काही रागांत कॉर्ड घातली की वर्ज्य सूर मागच्या दाराने येतो आणि राग मोडतो. अशा वेळी मी कॉर्ड घालत नाही, दुसरी सुरावट घालतो, रागातलेच सूर वापरून. सोय म्हणून राग मोडू नये. मोडायचाच तर माहीत असून, कारणाने मोडावा.

शिकायला यायचं तर पहिल्या दिवशी काय आणू?

पाच रेघांची वही, पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको. आणि तुमच्या घरात म्हटलं जातं असं एक गाणं: आरती, ओवी, नाट्यपद, काहीही. शब्द येत नसले तरी चालेल, गुणगुणता आलं पाहिजे. पहिला तास आपण ते वहीत उतरवण्यात घालवतो. पान पूर्ण भरलं की मी दोन बार खोडायला सांगतो, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत त्या जागी तुमचं काही तरी आणायचं.